वेबबुक, पबकेम, सीओडी, मटेरियल्स प्रोजेक्ट: आकडा बरोबर, उत्तर चूक. असं का होतं?

कोठीघर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमएस्सी आणि बीटेकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी फुकट उघडणाऱ्या संदर्भ-डेटाबेसचं एक टिपण करतोय. साय-फाइंडर, रिअ‍ॅक्सिस, आयसीएसडी यांची वर्गणी सगळ्या कॉलेजांत नसते, म्हणून भर निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेचं केमिस्ट्री वेबबुक, पबकेम, क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस म्हणजे सीओडी, आणि मटेरियल्स प्रोजेक्ट यांवर आहे. या साइट सापडायला कुणाला त्रास होत नाही. गाडी अडते ती पुढे. आकडा उचलला, सूत्रात घातला, की उत्तर भलतंच. नेहमी दिसणारे घोळ हे:

पाण्याच्या बाष्पदाबासाठी वेबबुकवरचे अँटॉइन स्थिरांक (४.६५४३, १४३५.२६४, −६४.८४८) घेऊन एक्सेलमध्ये तापमान १०० घातलं तर उत्तर १० चा उणे ३६ वा घात येतं आणि २५ घातलं तर १० चा ४० वा घात! पाठ्यपुस्तकातल्या स्थिरांकांनी १०० ला व्यवस्थित ७६० येतात.

नायट्रोजनची उष्माधारकता वेबबुकच्याच शोमेट समीकरणाने २९८.१५ केल्विनला ३०.६४ येते. तक्त्यांत २९.१२ आहे.

आर-१३४ए या शीतकारकाच्या संपृक्त द्रवाची ० अंशाला एन्थॅल्पी एका ठिकाणी २०० किलोज्यूल प्रति किलो, दुसरीकडे सुमारे ५२.

मटेरियल्स प्रोजेक्टवरून सिलिकॉनची सीआयएफ (स्फटिकरचनेची फाइल) उतरवली तर लॅटिस पॅरामीटर, म्हणजे जाळीच्या सेलची बाजू, ३.८७ अँगस्ट्रॉम दिसतो, आणि तिच्यावरून काढलेली पीक मोजलेल्या एक्सआरडीपेक्षा (क्ष-किरण विवर्तनापेक्षा) डावीकडे सरकलेली असतात.

मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) ०.१ मोलर द्रावण पबकेमवरचा रेणुभार घेऊन केलं, तरी टायट्रेशनमध्ये तीव्रता बरीच कमी भरते.

प्रत्येक ठिकाणी नेमकं काय चुकतंय, आणि मुलांना ते उत्तरावरूनच कसं ओळखता येईल, हे हवं आहे. "नीट तपासा" एवढं लिहून टिपणाचा उपयोग होणार नाही.

ऊर्ध्वपातन

अँटॉइनचं मी घेतो. वेबबुकमधलं समीकरण असं: लॉग१०(दाब) = ए − बी ÷ (तापमान + सी). दाब बारमध्ये, तापमान केल्विनमध्ये. केमिकल इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत तेच समीकरण मिलिमीटर पारा आणि अंश सेल्सिअसमध्ये असतं (पाण्यासाठी ८.०७१३१, १७३०.६३, २३३.४२६, व्याप्ती १ ते १०० अंश). सूत्र एकसारखं दिसतं, म्हणून फसायला होतं.

तुमच्या दोन विचित्र उत्तरांतच निदान आहे. सेल्सिअसमधले १०० घातले की छेद १०० − ६४.८४८ = ३५.१५२ होतो, भागाकार ४०.८३ आणि घात उणे ३६. २५ घातले की छेदच ऋण होतो, उणे ३९.८४८, मग वजाबाकीची बेरीज होऊन घात ४० च्या वर जातो. तापमान वाढताना बाष्पदाब १० च्या ४० व्या घातावरून उणे ३६ वर कोसळला तर दुसरं काही शोधू नका, सेल्सिअस आणि केल्विनची अदलाबदल झाली आहे. 'सी' च्या चिन्हावरूनही आधीच कळतं: तो ऋण असेल तर सहसा केल्विनचा संच, दोनशेच्या आसपास धन असेल तर सेल्सिअसचा.

रूपांतर सोपं आहे. बारवरून मिलिमीटर पाऱ्यावर जाताना 'ए' मध्ये २.८७५१० मिळवा (७५०.०६ चा लॉग), 'सी' मध्ये २७३.१५ मिळवा, 'बी' तसाच ठेवा. उदाहरणार्थ पाण्यासाठी ३४४ ते ३७३ केल्विनचा संच आहे ५.०८३५४, १६६३.१२५, −४५.६२२. तो होतो ७.९५८६४, १६६३.१२५, २२७.५२८. १०० अंशाला ७६०.० येतात. काही पुस्तकं नैसर्गिक लॉग वापरतात. तिथे 'ए' आणि 'बी' दोन्हींना २.३०२५८५ ने गुणावं लागतं. तिथे 'बी' न बदलता सोडणं ही नेहमीची चूक.

याच्या पुढची चूक जास्त छुपी आहे. वेबबुक पाण्यासाठी एकच संच देत नाही, तापमानाच्या वेगवेगळ्या व्याप्तीचे बरेच संच देतं. तुम्ही उचललेल्या संचाची व्याप्ती २५५.९ ते ३७३ केल्विन, १०० अंशांपर्यंतच्या संचांत सगळ्यांत रुंद, म्हणून तोच घ्यावासा वाटतो. एककं बरोबर ठेवूनही तो ३७३.१५ ला ०.९९७५ बार देतो. म्हणजे दाबात दीड टक्क्याहून थोडी जास्त चूक, आणि उलट उत्कलनबिंदू काढलात तर जवळजवळ अर्धा अंश. ३४४ ते ३७३ चा अरुंद संच तिथेच १.०१३३ देतो. आपल्या तापमानाला झाकणारा सर्वांत अरुंद संच घ्यावा, आणि व्याप्तीबाहेर एक अंशही ताणू नये. व्याप्ती 'टेंपरेचर' या पहिल्याच रकान्यात असते. स्प्रेडशीटमध्ये स्थिरांकांसोबत तीही कॉपी करा आणि बाहेरचं तापमान आलं की खाना लाल होईल अशी अट लावा.

प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी ताडताना आणखी एक भान ठेवायचं: हे दाब निरपेक्ष आहेत. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार आणि पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. थर्मामीटर बिघडला म्हणून तो बदलायला घेण्याआधी हे पाहावं.

मोजपात्र

मोरचुदाचा घोळ रेणुभाराचा नाही, पदार्थाच्या ओळखीचा आहे. पबकेममध्ये "कॉपर सल्फेट" टाकलं की वर येणारी नोंद निर्जल क्षाराची असते, रेणुभार १५९.६१. बाटलीतले निळे खडे म्हणजे पेंटाहायड्रेट, २४९.६९. एक लिटर ०.१ मोलरसाठी २४.९७ ग्रॅम हवेत. निर्जलचा रेणुभार धरून १५.९६ ग्रॅम निळे खडे घातले तर द्रावण ०.०६४ मोलरच होतं. टायट्रेशनला अपेक्षेच्या ६४ टक्के आलं तर निदान ठरलं. निर्जल कॉपर सल्फेट पांढरट असतं. निळा रंग दिसतोय म्हणजे पाणी आहेच.

म्हणून नावाने शोधू नका. बाटलीवरच्या कॅस क्रमांकाने, म्हणजे पदार्थाच्या नोंदणी क्रमांकाने, शोधा. निर्जलचा ७७५८-९८-७, पेंटाहायड्रेटचा ७७५८-९९-८. शेवटचा अंक तपासणीचा असतो आणि त्याची पडताळणी हाताने होते: तो सोडून उरलेले अंक उजवीकडून डावीकडे १, २, ३... ने गुणा, बेरीज करा, बेरजेचा एकं स्थानचा अंक म्हणजे तपासणीचा अंक. ७७५८-९८ साठी ८×१ + ९×२ + ८×३ + ५×४ + ७×५ + ७×६ = १४७, म्हणून ७. अंक वाचताना किंवा टंकताना झालेली चूक इथे सापडते. कॅस क्रमांकावरून अधिकृत नाव आणि सूत्र पाहायला सीएएस कॉमन केमिस्ट्री ही साइट फुकट आहे. साय-फाइंडर लागत नाही.

सेंद्रिय पदार्थांत हाच घोळ त्रिमितीय रचनेचा असतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल घ्या. एल-रूप सुमारे १७० अंशांना वितळतं, रेसिमिक सुमारे २०६ ला. विद्यार्थ्याचा नमुना १७० ला वितळतो आणि डेटाबेस २०६ दाखवतो, मग "नमुना अशुद्ध आहे" असा निष्कर्ष निघतो. इंची-की, म्हणजे रचनेवरून तयार केलेली ओळखीची खूण, तपासा. सत्तावीस खुणांची असते. पहिली चौदा अक्षरं अणूंच्या जोडणीची. टार्टारिक आम्लाच्या सगळ्या त्रिमितीय रूपांना ती तीच येतात. फरक दुसऱ्या गटात. तिथे 'यूएचएफएफएफएओवायएसए' अशी अक्षरं असतील तर त्या नोंदीत त्रिमितीय रचना भरलेलीच नाही, आणि तिथला वितळणबिंदू कोणत्या रूपाचा ते त्या नोंदीवरून ठरवता येणार नाही.

पबकेमवर आणखी एक रेघ ओढून घ्या. "कंप्युटेड प्रॉपर्टीज" या भागातले आकडे संगणकाने रचनेवरून काढलेले आहेत, एक्स-लॉगपीसुद्धा. मोजलेले आकडे "एक्स्पेरिमेंटल प्रॉपर्टीज" मध्ये असतात आणि तिथे एकाच गुणधर्माला पाच-सहा स्रोतांचे पाच-सहा आकडे दिसतात. त्यांची सरासरी काढायची नाही. त्यांतले बरेच एकमेकांवरून उतरवलेले असू शकतात, फॅरनहाइटमधले सेल्सिअसमध्ये आणलेलेही. मूळ स्रोत उघडून एकच निवडा आणि त्याचं नाव लिहा.

शीतचक्र

शोमेट आणि आर-१३४ए, दोन्ही.

शोमेटमध्ये उष्माधारकता = ए + बी·त + सी·त² + डी·त³ + ई ÷ त², आणि इथे 'त' म्हणजे केल्विनमधलं तापमान भागिले १०००. भागायचं विसरलात तर नायट्रोजनसाठी २९८ केल्विनला उत्तर ४४ कोटींच्या घरात जातं. ती चूक लपत नाही. तुमची ३०.६४ लपते. वेबबुक नायट्रोजनसाठी १०० ते ५०० आणि ५०० ते २००० केल्विन असे वेगळे रकाने देतं. तुम्ही दुसऱ्या रकान्याचे स्थिरांक (१९.५०५८३ पासून सुरू होणारे) २९८ ला लावलेत. पहिल्या रकान्याचे (२८.९८६४१ पासून सुरू होणारे) लावा, २९.१२ येईल. चूक पाच टक्क्यांची आहे, आणि पाच टक्के चूक "प्रयोगाची त्रुटी" म्हणून खपून जाते. तेच वाईट.

ओळखायची रीत: दोन व्याप्ती जिथे भेटतात त्या तापमानाला दोन्ही संच चालवून पाहा. ५०० केल्विनला दोन्हींनी २९.५८ यायला हवं, आणि येतं. जुळलं नाही तर एखादा अंक कॉपी करताना गळला आहे. किंवा चिन्ह. उणे चिन्ह वेबसाइटवरून एक्सेलमध्ये पेस्ट होताना कधी लांब डॅश म्हणून येतं आणि एक्सेल त्या खान्याला अंक न मानता मजकूर मानतं.

त्याच तक्त्यात एफ, जी, एच असतात. एन्थॅल्पीच्या सूत्राचं उत्तर किलोज्यूल प्रति मोल, उष्माधारकता आणि एन्ट्रॉपीचं ज्यूल प्रति मोल-केल्विन. एकाच तक्त्यातले स्थिरांक, पण हजारपटीचा फरक. ताळा हवा असेल तर नायट्रोजनची २९८.१५ पासून ५०० केल्विनपर्यंतची एन्थॅल्पीवाढ ५.९१ किलोज्यूल प्रति मोल आली पाहिजे.

आता आर-१३४ए. २०० आणि ५२ दोन्ही बरोबर आहेत. एन्थॅल्पीला निरपेक्ष शून्य नसतं, ते मानावं लागतं. आयआयआर (आंतरराष्ट्रीय शीतकरण संस्था) संकेतात ० अंश सेल्सिअसच्या संपृक्त द्रवाची एन्थॅल्पी २०० किलोज्यूल प्रति किलो आणि एन्ट्रॉपी १ मानतात. अ‍ॅश्रे (अमेरिकी शीतकरण-वातानुकूलन अभियंत्यांची संस्था) संकेतात उणे ४० अंशांच्या संपृक्त द्रवाला दोन्ही शून्य. म्हणून दोन तक्त्यांत सर्वत्र सुमारे १४८ चा ठरावीक फरक राहतो. तीन-चार ओळींची वजाबाकी करून पाहा: फरक सगळीकडे तोच असेल तर संदर्भबिंदूचा मामला, बदलत असेल तर एकक, दाब किंवा अवस्था चुकली.

एकाच तक्त्यातून सगळे बिंदू घेतले तर काहीच बिघडत नाही, कारण चक्रात फरकच लागतात. बिघडतं कधी, तर कॉम्प्रेसरच्या आधीचा बिंदू पुस्तकातून आणि नंतरचा वेबबुकवरून घेतला तर. ० अंशाला आर-१३४ए ची बाष्पीभवनाची उष्णता १९८.६ आहे, १४८ ची चूक म्हणजे तिचा तीन चतुर्थांश. अशा गणितात कार्यगुणांक कधी ऋणही येतो. वेबबुकच्या द्रव-वायू पानावर ("थर्मोफिजिकल प्रॉपर्टीज ऑफ फ्लुइड सिस्टिम्स") एककं निवडताना खाली संदर्भ-अवस्थेचा पर्याय असतो. तिथे 'डिफॉल्ट' वर न सोडता आयआयआर किंवा अ‍ॅश्रे नाव घेऊन निवडा आणि तक्त्याच्या शीर्षकात लिहा. त्याच पानावर दाब निरपेक्ष आहे. प्रयोगशाळेतल्या गेजचा आकडा टाकायचा तर आधी हवेचा दाब मिळवायचा. वर पुण्याचं सांगितलंच आहे, तिथे १.०१३ नाही, ०.९५ मिळवायचे.

ब्रॅग_कोन

सिलिकॉनच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. वेगळ्या करून सांगतो.

३.८७ हा प्रिमिटिव्ह सेलचा, म्हणजे जाळीच्या सर्वांत लहान पुनरावर्ती घटकाचा पॅरामीटर. एक्सआरडीत आपण कन्व्हेन्शनल घनाकृती सेल वापरतो, आणि पृष्ठकेंद्री घन जाळीत प्रिमिटिव्ह सेलची बाजू म्हणजे घनाची बाजू भागिले २ चं वर्गमूळ. ३.८७ ला १.४१४ ने गुणा, ५.४७ येतात. सीआयएफ उतरवताना 'कन्व्हेन्शनल' निवडा. प्रिमिटिव्ह घेतली तर कोन ६० अंशांचे दिसतात आणि मिलर अंकही बदलतात. पॅटर्नच्या जागांत चूक होत नाही, पण "१११ चं पीक कुठे गेलं" म्हणून मुलं हैराण होतात.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची. घनाची बाजू ५.४६९ येते आणि मोजलेली ५.४३१ आहे. मटेरियल्स प्रोजेक्ट मोजलेल्या रचनांचा संग्रह नाही. तिथल्या रचना डीएफटी या क्वांटम गणनेने शिथिल करून घेतलेल्या आहेत, आणि त्या गणनेतली पीबीई ही नेहमीची पद्धत अंतरं साधारण टक्का-दीड टक्क्यापर्यंत फुगवते. सिलिकॉनसाठी ०.७ टक्के. कॉपर के-अल्फा, १.५४०६ अँगस्ट्रॉम धरला तर १११ चं पीक मोजलेल्या रचनेवरून २८.४४ अंशांना (टू-थीटा), फुगलेल्या रचनेवरून २८.२४ ला. फरक ०.२. वरच्या कोनांना तो वाढत जातो: ४२२ चं पीक ८८.०३ ऐवजी ८७.२६ ला, म्हणजे ०.७७ अंश.

हा वाढता फरकच ओळखीची खूण. नमुना होल्डरमध्ये वर-खाली बसल्यानेही पीक सरकतात, पण ते सरकणं थीटाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतं, म्हणजे वरच्या कोनांना घटतं. गोनिओमीटरची त्रिज्या २०० मिलिमीटर आणि नमुना ०.१ मिलिमीटर खाली असेल तर २८ अंशांजवळ सुमारे ०.०५६ आणि ८८ जवळ ०.०४१ अंश. रचनेतल्या फुगवट्याचा फरक थीटाच्या टॅन्जंटच्या प्रमाणात, म्हणजे वाढता. निदान पाच-सहा पिकांचा फरक कोनासमोर मांडा आणि मगच बोला. एकाच पिकावरून "माझ्या नमुन्यात ताण आहे" असं प्रबंधात लिहिलेलं असतं, आणि तुलना मात्र मटेरियल्स प्रोजेक्टच्या पॅटर्नशी केलेली असते. तो ताण गणनेतला आहे, नमुन्यातला नाही.

मग मटेरियल्स प्रोजेक्ट कशासाठी वापरायचं? कोणता फेज स्थिर आहे हे पाहायला (एनर्जी अबव्ह हल), तुलनेसाठी, नवीन संयुगांच्या अंदाजासाठी. त्या कामात ते फारच उपयोगी आहे, आणि खातं उघडलं की फुकट. बँडगॅप मात्र जसाच्या तसा उचलू नका: सिलिकॉनचा पीबीई बँडगॅप साधारण ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघतो, खोलीच्या तापमानाला मोजलेला १.१२ आहे. झिंक ऑक्साइडला तर पाऊण-एक विरुद्ध ३.३ च्या वर. तयार होण्याची ऊर्जा तिथे इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू असते. किलोज्यूल प्रति मोल हवी तर सूत्रातल्या अणूंच्या संख्येने आणि ९६.४८५ ने गुणायचं. ताळा: अ‍ॅल्युमिनाची मोजलेली −१६७५.७ किलोज्यूल प्रति मोल, पाच अणू, म्हणून −३.४७ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू.

फेज ओळखण्यासाठी आणि रिएटवेल्ड (सगळा पॅटर्न रचनेशी जुळवण्याची पद्धत) सुरू करण्यासाठी मोजलेली रचना लागते. फुकटात सीओडी, आणि खनिजांसाठी अमेरिकन मिनरलॉजिस्टचा स्फटिकरचना डेटाबेस. सीओडीत मूलद्रव्यं टाकताना "डिस्टिंक्ट एलिमेंट्स" ची किमान आणि कमाल संख्याही टाका. टायटॅनियम आणि ऑक्सिजन एवढंच टाकलं तर टायटॅनियम असलेली सगळी धातु-सेंद्रिय संयुगंही येतात. दोन्हीकडे २ टाकलं की यादी आवरते. नोंद उघडल्यावर तापमान आणि दाब पाहा. १०० केल्विनला किंवा काही गिगापास्कलखाली मोजलेली रचना खोलीतल्या पॅटर्नशी जुळणार नाही.

एक सापळा वेगळा सांगण्यासारखा आहे. अनाटेजचा स्पेस ग्रुप १४१, स्पिनेलचा २२७. दोन्हींना आरंभबिंदूचे दोन पर्याय आहेत. सीआयएफ एका पर्यायात आणि सॉफ्टवेअरने दुसरा धरला तर सेल तीच राहते, पिकांच्या जागा तशाच राहतात, पण अणू भलत्या जागी बसतात आणि तीव्रता बिघडतात. मग रिफाइनमेंटमध्ये माणूस प्रिफर्ड ओरिएंटेशन (कण एकाच दिशेने बसल्याची दुरुस्ती) घालत बसतो. व्हेस्टा या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रचना उघडून बंधलांबी मोजा: अनाटेजमध्ये टायटॅनियम-ऑक्सिजन १.९३ आणि १.९८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन. तसं नसेल तर आरंभबिंदू बदला. सीआयएफमध्ये सममितीच्या क्रियांची यादी असेल तर स्पेस ग्रुपच्या नावापेक्षा ती यादी वापरायला सॉफ्टवेअरला सांगा.

नळीवर्णपट

वर्णपटांचं कुणी काढलं नाही, ते टिपणात असू द्या.

निस्टच्या अ‍ॅटॉमिक स्पेक्ट्रा डेटाबेसमध्ये तरंगलांबी मूळ मांडणीत २०० ते २००० नॅनोमीटरमध्ये हवेतली असते, त्याच्या दोन्ही बाजूंना निर्वातातली. सोडियमची डी-२ रेषा हवेत ५८८.९९५, निर्वातात ५८९.१५८. साध्या प्रिझमला ०.१६ चा फरक कळत नाही, पण चांगल्या ग्रेटिंगवर कॅलिब्रेशन बिघडवतो. तरंगलांबीवरून ऊर्जा काढायची असेल तर निर्वातातलीच घ्या. तिथला 'रिलेटिव्ह इंटेन्सिटी' हा रकाना एका मूलद्रव्याची दुसऱ्याशी तुलना करायला वापरायचा नाही, तो वेगवेगळ्या प्रयोगांतून आलेला असतो.

वेबबुकवरचे बरेच आयआर वर्णपट वायुरूपातले आहेत. अल्कोहोलची ओ-एच पट्टी तिथे ३६५० च्या वर बारीक दिसते. आपल्या द्रवाच्या नमुन्यात हायड्रोजन बंधांमुळे ३३०० जवळ रुंद फुगवटा. पदार्थ तोच, अवस्था वेगळी. चित्राखाली 'स्टेट' लिहिलेलं असतं. द्रव किंवा केबीआर गोळीचा हवा असेल तर जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस पाहा. मात्र दिवसाला ५० च्या आतच उतरवायचे, तसा त्यांचा नियम आहे.

वस्तुमान वर्णपट ७० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉन-माऱ्याचे आहेत. कॅफीन तिथे १९४ ला, तुकडा १०९ ला. इलेक्ट्रोस्प्रेवर १९५ येईल, एक प्रोटॉन चिकटून. तुकडेही जुळणार नाहीत.

वर्णपट ज्या स्वरूपात उतरतो ती जेकॅम्प फाइल सरळ एक्सेलमध्ये ओढू नका. तिच्या प्रत्येक ओळीत पहिला आकडा क्ष-अक्षाचा आणि नंतर य-अक्षाचे अनेक आकडे असतात. पहिले दोन रकाने धरून आलेख काढला तर बहुतेक बिंदू गळतात आणि वर्णपट दातेरी दिसतो. य च्या आकड्यांना वर दिलेल्या 'वाय-फॅक्टर' ने गुणावं लागतं. पायथनमध्ये 'जेकॅम्प' नावाचं पॅकेज हे सगळं करतं.

कोठीघर

सगळ्यांचे आभार, टिपणाचा आराखडाच बदलतोय. आता डेटाबेसवार न लिहिता खुणेवार लिहितो. दोन शंका उरल्या. पाण्याच्या बाष्पीभवनाच्या उष्णतेला ४०.६५ आणि ४३.९९ असे दोन आकडे सापडतात, यांत चूक कोणता? आणि दोनशे रसायनांची यादी आहे, कॅस क्रमांकांवरून पबकेममधून रेणुभार आणि वितळणबिंदू एकदम काढायचे आहेत. स्क्रिप्ट मध्येच थांबते.

ऊर्ध्वपातन

चूक कोणताच नाही. ४०.६५ किलोज्यूल प्रति मोल १०० अंशाला, ४३.९९ पंचवीसला. दुसऱ्याचा ताळा वेबबुकवरच होतो: वायूची निर्मिती-एन्थॅल्पी −२४१.८३, द्रवाची −२८५.८३, फरक ४४.०. बाष्पीभवनाचा आकडा तापमानाशिवाय टिपणात लिहूच नका.

मोजपात्र

स्क्रिप्टचं. स्क्रिप्टमधून माहिती मागायची पबकेमची पग-रेस्ट सेवा, तिची मर्यादा सेकंदाला पाच आणि मिनिटाला चारशे मागण्या. ओलांडली की ५०३ हा नकार येतो. प्रत्येक मागणीनंतर ०.२५ सेकंद थांबा. ५०३ आलाच तर तीच ओळ पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ दुप्पट करा. कॅस क्रमांक 'नेम' या मार्गानेच शोधला जातो, आणि नाव एका मागणीत एकच जातं. म्हणून आधी आयडेंटिफायर एक्स्चेंज या पानावर दोनशे क्रमांकांची फाइल देऊन सीआयडी (पबकेमचे संयुग-क्रमांक) काढून घ्या. मग रेणुभार आणि इंची-की शंभर-शंभर सीआयडींच्या गठ्ठ्याने, फक्त दोन मागण्यांत मिळतात. यादी लांब असेल तर ती पत्त्यात न घालता पोस्टने पाठवा.

एका कॅस क्रमांकाला दोन सीआयडी आले तर पहिला आपोआप घेऊ नका, ती ओळ बाजूला काढा. हायड्रेट, क्षार आणि रेसिमिक नेमके तिथे सापडतात.

वितळणबिंदू पग-रेस्टमध्ये नाही. तो मोजलेल्या गुणधर्मांत असतो आणि ते पग-व्ह्यू या दुसऱ्या सेवेतून येतात, एका वेळी एक सीआयडी, मथळा 'मेल्टिंग पॉइंट' देऊन. उत्तरात आकड्याऐवजी वाक्य येतं: कधी अंश फॅरनहाइट, कधी "विघटन होतं", कधी व्याप्ती. ते वाक्य जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा, स्रोताचं नाव दुसऱ्यात, आणि आकडा तिसऱ्यात हाताने भरा. दोनशे ओळींना एक दुपार जाते.